चुंबकाची मिनिटे कोणाच्या मालकीची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मेंदूतील व्रणांची चित्रे हा अर्थशास्त्राच्या माणसाचा विषय नव्हे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु समाजाच्या पैशातून निर्माण झालेले ज्ञान जेथे बाजारभावाने विकले जाते, तेथे आपल्या शास्त्राला बोलण्याचा अधिकार पोहोचतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीत शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच मज्जातंतूंवरील मायलिनच्या आवरणावर हल्ला करते. रुग्ण बहुधा ऐन उमेदीच्या वयातला असतो. त्यांतही स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक. दृष्टी अंधुक होते, पाय लुळे पडतात, काही आठवड्यांनी सुधारणा होते आणि पुन्हा झटका येतो. जिवंत माणसाच्या मेंदूतील हे व्रण नीट दिसू लागले ते एमआरआयमुळे. १९८१ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधकांनी दहा रुग्ण तपासले. सीटी स्कॅनमध्ये त्यांना १९ व्रण दिसले होते. चुंबकीय अनुनादाच्या नव्या पद्धतीने आणखी ११२ दिसले. या विद्येचा पाया नॉटिंगहॅम आणि ॲबर्डीन यांसारख्या विद्यापीठांत घातला गेला होता, हे आपण विसरू नये.

मात्र दिसणे म्हणजे कळणे नव्हे. मेंदूच्या चित्रात पांढरे ठिपके अर्धशिशीतही दिसतात, रक्तदाबाने आणि वयोमानानेही दिसतात. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यावरून खेड्यातील चूल पेटते की नाही हे जसे सांगता येत नाही, तसेच नुसत्या ठिपक्यांच्या संख्येवरून रोगाचे नाव वा रुग्णाचे अपंगत्व सांगता येत नाही. चुकीचे निदान झाले, तर धडधाकट मेंदूचा माणूस वर्षानुवर्षे महागडी आणि जोखमीची औषधे घेत राहतो. उलट, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा वेगळाच आजार मल्टिपल स्क्लेरोसिस समजून उपचार केले, तर त्यातील इंटरफेरॉनसारखी औषधे त्याला बळावू शकतात. आशियातील देशांत ही गल्लत पूर्वी वारंवार झाली.

येथे नव्या तंत्रांचे महत्त्व आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसचा व्रण बहुधा एका बारीक नीलेभोवती वाढतो. रिंडफ्लाइश या जर्मन शास्त्रज्ञाने व्रणाच्या मध्यभागी असलेली रक्तवाहिनी १८६३ मध्येच मृत मेंदूच्या छेदात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. नीलेतील रक्तात प्राणवायू कमी असतो, म्हणून विशिष्ट चित्रमालिकेत ती काळ्या रेघेसारखी उमटते. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी ७ टेस्लाच्या प्रचंड चुंबकावर २००८ मध्ये ती जिवंत रुग्णांत स्पष्ट दाखविली, आणि आज ३ टेस्लाच्या नेहमीच्या यंत्रावरही ती पाहता येते. अर्धशिशीच्या बहुतेक ठिपक्यांत अशी मधली रेघ नसते. दुसरी खूण आहे ती व्रणाच्या कडेची काळी किनार. तेथे लोह साठवलेल्या पेशी असतात. वरून शांत वाटणारा व्रण आतून धुमसत असल्याचे ते चिन्ह होय. असे व्रण ज्यांच्या मेंदूत अधिक, त्यांचे अपंगत्वही अधिक, असे आढळते. निदानाचे जे आंतरराष्ट्रीय निकष २०२४ मध्ये सुधारले गेले आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत या दोन्ही खुणांना स्थान मिळाले आहे.

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. यासाठी नवे यंत्र घ्यावे लागतेच असे नाही; बहुतेक ठिकाणी आहे त्या यंत्रावर काही जादा मिनिटांची एक चित्रमालिका आणि ती वाचणारा तयार डोळा एवढे पुरते. गोम त्या मिनिटांत आहे! खासगी केंद्राचा मालक एका दिवसात किती रुग्ण यंत्राखालून गेले यावर नफा मोजतो. रुग्णाच्या दृष्टीने अनमोल असलेली ही मिनिटे त्याच्या हिशेबात केवळ खर्च असतात. सरकारी रुग्णालयात नफा नाही, पण दाराबाहेर रांग आहे. आणि जेथे सरकारने एमआरआयची सेवाच कंपन्यांना ठेक्याने दिली आहे, तेथे दर स्कॅनगणिक पैसे मिळतात, स्कॅनच्या गुणवत्तेगणिक नव्हे. मग ठेकेदार कमीत कमी चित्रे काढून मोकळा झाला, तर नवल ते काय? दोष त्याच्या नीतीचा नाही, कराराच्या भाषेचा आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश अपंगत्वांच्या यादीत केला, ही चांगली गोष्ट झाली. पण प्रमाणपत्राचा हक्क निदानानंतर येतो. म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यातील रुग्णालयाचा एमआरआयचा करार माहिती अधिकारात मागवावा. मेंदूच्या तपासणीत कोणत्या चित्रमालिका घेणे बंधनकारक आहे, हे त्यात लिहिले आहे काय, हे पाहावे. नसेल, तर पुढील नूतनीकरणापूर्वी मज्जाविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने ती यादी करारात घालावयास लावावी, आणि या जादा मिनिटांचा मोबदला सरकारने द्यावा, रुग्णाने नव्हे.