मूत्रातील संकेत आणि हृदयाचे आरोग्य
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



मूत्रावरून रोगाचे निदान करण्याची कल्पना भारतीयांना नवी नाही. ‘योगरत्नाकरा’त सांगितलेल्या अष्टविध परीक्षेत मूत्रपरीक्षेचा समावेश आहे, वैद्य मूत्रावर तेलाचा थेंब सोडून तो कसा पसरतो हे पाहत असत. आज तेलाच्या थेंबाची जागा सूक्ष्म यंत्रांनी घेतली आहे. अन्न पचल्यानंतर शरीरात व आतड्यांतील जिवाणूंमुळे जी असंख्य द्रव्ये तयार होतात, त्यांना चयापचय द्रव्ये म्हणतात. त्यांतील पुष्कळशी मूत्रावाटे बाहेर पडतात आणि जाताना शरीराची हकीकत सांगून जातात. २००८ मध्ये चीन, जपान, ब्रिटन व अमेरिका येथील ४,६३० व्यक्तींच्या चोवीस तासांच्या मूत्राचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात फॉर्मेट, हिप्युरेट, ॲलानिन अशा द्रव्यांचा रक्तदाबाशी संबंध आढळला. भारताचा त्यात समावेश नव्हता, ही उणीव लक्षात ठेवावी.

शाकाहारी समाजाच्या दृष्टीने या विषयाला दोन बाजू आहेत. पहिली समाधानाची. मांसातील कार्निटीनवर आतड्यांतील जिवाणूंची क्रिया होते व पुढे यकृतात ‘टीएमएओ’ नावाचे द्रव्य बनते; ते मूत्रावाटे बाहेर पडते. २०१३ मध्ये ४,००७ रुग्णांच्या अभ्यासात ज्यांच्या रक्तात हे द्रव्य अधिक होते, त्यांना पुढील तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा मृत्यू यांचा धोका अधिक दिसला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या संशोधनात कार्निटीन दिल्यावरही शाकाहारी व्यक्तींच्या शरीरात टीएमएओ फारच कमी तयार झाले.

दुसरी बाजू मात्र चिंतेची आहे आणि ती महाराष्ट्रातच उघड झाली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी परदेशी सहकाऱ्यांसह पुण्यातील २०४ स्त्री-पुरुषांचे रक्त तपासले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४७ टक्के लोकांत जीवनसत्त्व बी-१२ कमी होते, तर ७७ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले होते. बी-१२ अपुरे पडले की मिथाइलमॅलॉनिक आम्लही साचते. ते रक्तात वाढते आणि मूत्रातही उतरते. ही कमतरता मांसाहारी व्यक्तींतही होती, म्हणून दोष केवळ शाकाहाराला देणे बरोबर नाही. तथापि डाळी, ज्वारी, पालेभाज्या यांत बी-१२ नसते. ज्या घरात अंडी-मांस वर्ज्य आहे, तेथे दूध, दही व ताक हाच त्याचा आधार होय.

येथे एक सावधगिरी हवी. होमोसिस्टीन वाढले की हृदयविकार वाढतो असे अनेक अभ्यासांत दिसले; पण ते उतरवल्याने झटका टळतो काय? २००६ च्या ‘होप-२’ चाचणीत ५,५२२ रुग्णांच्या एका गटाला फॉलिक आम्ल, बी-६ व बी-१२ दिले गेले. होमोसिस्टीन उतरले, पक्षाघात काहीसे घटले, हृदयविकाराचे झटके मात्र घटले नाहीत. म्हणून बी-१२ ला हृदयाचे औषध म्हणून विकणाऱ्यांपासून दूर राहावे. कमतरता असल्यास ती रक्त, मज्जातंतू व गर्भ यांच्या हितासाठी भरून काढलीच पाहिजे. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्या औषधाने बी-१२ आणखी घटू शकते.

मिथाइलमॅलॉनिक आम्ल वा टीएमएओ मोजण्यासाठी हिंगोली, वसमत वा कळमनुरीच्या रहिवाशाने धावाधाव करण्याचे कारण नाही. ही द्रव्ये अद्याप मुख्यत्वे संशोधनाच्या कक्षेत आहेत. त्यांहून साधी व अधिक उपयोगी तपासणी मूत्रातील अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांच्या गुणोत्तराची. अल्ब्युमिन हे प्रथिन आहे, चयापचय द्रव्य नव्हे; पण ते मूत्रात झिरपू लागणे हे मूत्रपिंडाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा झाल्याचे चिन्ह असते व हृदयविकाराचा धोकाही सुचवते. नेदरलँड्समधील ४०,५४८ नागरिकांच्या अभ्यासात हे २००२ मध्ये दिसून आले. गुणोत्तर दर ग्रॅमला ३० मिलिग्रॅमच्या वर वारंवार येत असेल तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांनी ही तपासणी वर्षातून एकदा करावी. केवळ शाकाहार पाळतो म्हणून हृदय सुरक्षित, असा समज करून कोणी ती टाळू नये. पापड, लोणचे व तळलेल्या फरसाणातील मीठ-तेल शाकाहारीच असते.

नमुना देण्याच्या वेळेचाही विचार करावा. पर्युषण वा दशलक्षण पर्वातील उपवासांत मूत्रात कीटोन द्रव्ये येतात आणि पाणी कमी घेतल्याने मूत्र गडद होते. हा उपवासाचा परिणाम असतो, हृदयाचा विकार नव्हे. नित्याच्या तपासणीचा नमुना पारणे होऊन काही दिवस लोटल्यावर द्यावा आणि उपवास चालू असल्यास प्रयोगशाळेला तसे आधीच सांगावे.

औषधाविषयी एक शंका अनेक घरांत असते. बाजारात मिळणारे बी-१२ प्राण्यांपासून काढत नाहीत. ते जिवाणूंच्या किण्वनाने तयार करतात. मात्र कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. म्हणून दुकानदाराकडे साधी गोळी वा शाकाहारी आवरणाची कॅप्सूल मागावी, आणि शंका राहिल्यास पाकिटावरील घटक वाचून घ्यावेत.