लहान होड्या, मोठी जहाजं आणि आपली सुरत

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी डिप्लोमा झालेला सरकारी नोकर, इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. पण एक गोष्ट मनात आहे. सुरत आणि मराठी माणूस म्हटलं की लोकांना 1664 आणि 1670 ही दोनच सालं आठवतात. या नात्याला आणखी एक बाजू आहे, ती लाकडाची आणि पाण्याची.

तापीच्या मुखाशी वाळू साचते. त्यामुळे जुन्या काळी मोठी जहाजं सुवाळीला नांगर टाकून उभी राहत आणि माल होड्यांतून, बैलगाड्यांतून शहरात येई. जगभर गाजलेलं हे बंदर लहान होड्यांच्या जोरावर चाललं.

आपल्या कोकणातही तेच. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे जहाजबांधणी सुरू केली, कान्होजी आंग्र्यांनी आरमार वाढवलं. त्यात गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, साधारण 150 ते 300 टनांची. गलबत बहुधा 70 टनांच्या आतलं, 40-50 वल्ह्यांचं. वारा पडला की हीच गलबतं गुराबांना दोर लावून ओढत. आज बंदरात टग करतात तेच काम! तळ उथळ, म्हणून शत्रूची मोठी जहाजं जिथे अडत, त्या खाडीत ही सहज शिरत. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीच्या काठी कातळात खोदलेली मराठ्यांची गोदी आजही पाहता येते.

आता सुरतेचे सुतार. ते सागवानी फळ्यांच्या कडांना खाच पाडून त्या एकमेकींत घट्ट बसवत. सांध्यात कापूस आणि राळ भरत. इथल्याच लवजी नसरवानजी वाडिया या पारशी सुताराला इंग्रजांनी 1736 साली मुंबईला नेलं. पुढे तिथे गोदी उभी राहिली आणि वाडियांच्या पिढ्यांनी ब्रिटिश आरमारासाठी लढाऊ जहाजं बांधली. त्यांतलं 1817 सालचं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. दोनशे वर्षं टिकलेलं सागवान!

ही परंपरा संपलेली नाही. विसर्जनाला आपण ज्या हजीऱ्याला जातो, तिथल्या एल अँड टी कारखान्यात तटरक्षक दलासाठी इंटरसेप्टर बोटी बांधल्या गेल्या. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, वॉटरजेट, वेग 45 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 83 किलोमीटर. उथळ किनाऱ्यावर संशयित बोटीचा पाठलाग करायला विनाशिका उपयोगी नाही, तिथे हीच लागते.

आणि विनाशिकाही आपल्या नावाची आहे. 'आयएनएस सुरत' 15 जानेवारी 2025 रोजी नौदलात दाखल झाली. तिच्या बोधचिन्हावर हजीऱ्याचं दीपगृह आणि गीरचा सिंह आहे. ती बांधली मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये. सुरतेचा सुतार मुंबईला गेला आणि जवळजवळ तीनशे वर्षांनी मुंबईत सुरतेच्या नावाचं जहाज उभं राहिलं.

पालकांना एकच विनंती. मुलानं किंवा मुलीनं आयटीआय, वेल्डिंग, फिटरचं नाव काढलं की आपल्या घरात चेहरे उतरतात. लवजी सुतारच होते. मोठ्या जहाजावर नाव कोरलं जातं, पण ते तरंगतं सांधा नीट बसवणाऱ्या हातांमुळे. त्या हातांचा मान आपल्या घरापासून सुरू होऊ दे.

गणपती बाप्पा मोरया!