चुना-सोडा तिथं लावायचा नाही

घरात कुणी असेल तर आजचा भाग हेडफोन लावूनच ऐका. विषय आहे गुप्तांगावर येणारे चामखीळ, म्हणजे मस.

किनवटहून एका भावाचा व्हॉइस मेसेज आला होता. त्याला विचारून, नाव न घेता सांगतोय. "दादा, तिथं मस आलेत. तीन महिन्यांवर लग्न आहे. गावात कोणाला दाखवायची सोय नाही. मित्र म्हणतो चुना-सोडा लाव, जळून जातील. लावू का?"

नाही. अजिबात नाही. चुना आणि धुण्याचा सोडा ओला करून एकत्र केला की कॉस्टिक सोडा तयार होतो. तुंबलेल्या मोरीत टाकतात, तोच. हाताच्या जाड कातडीवर कुणाचा चामखीळ त्यानं गेलाही असेल, म्हणून हा उपाय गावोगाव टिकून आहे. पण गुप्तांगावरची कातडी पातळ असते. तिथं जखम होते, पिकते, व्रण राहतो. बिब्ब्याचं तर आपल्या जंगलपट्ट्यात सांगायलाच नको, बिब्बा उतला की काय हाल होतात ते सगळ्यांनी बघितलंय. रुईचा चीक, घोड्याचा केस बांधणं, ब्लेडनं कापणं, मेडिकलवरचं पायाच्या कुरुपाचं औषध, यातलं काहीही तिथं नको. खाज-गजकर्णाची स्टेरॉइडवाली मिक्स क्रीमही नको.

हे मस एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं येतात. दहातल्या नऊ वेळा त्याचे ६ आणि ११ नंबरचे प्रकार असतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणारे मुख्य प्रकार वेगळे, १६ आणि १८. म्हणजे मस आला म्हणून कॅन्सर झाला असं नाही. डॉक्टर मस काढतात, पण विषाणू मारणारं औषध नाही. त्याला बहुतेक वेळा शरीरच हळूहळू दाबतं. म्हणून पहिल्या काही महिन्यांत मस परत येऊ शकतात. उपचार फसला असं समजून निम्म्यात सोडू नका.

उपचार बरेच आहेत. लिक्विड नायट्रोजननं गोठवतात, जागा बधिर करून मशिननं जाळतात, किंवा ॲसिड लावतात. ते ॲसिड डॉक्टरनंच, टिपून टिपून लावायचं असतं. इमिक्विमोड नावाची क्रीम घरी लावता येते, पण चिठ्ठीवरच: आठवड्यातून तीन रात्री, सकाळी धुवायची, जास्तीत जास्त सोळा आठवडे. थोडी लाली, जळजळ होणारच. लवकर जावं म्हणून रोज चोपडली तर कातडी सोलते. बाई गरोदर असेल तर आधी सांगायचं, कारण पोडोफिलिनसारखी औषधं तेव्हा चालत नाहीत.

आणि खरी भीती मला वेगळीच वाटते. तिथं दिसणारी प्रत्येक गाठ मस नसते. सिफिलिसमध्येही तसेच चपटे, ओलसर उंचवटे येतात. ते जाळून वरून गेले तरी आजार आत चालू राहतो. खरं तर तो पेनिसिलिनच्या इंजेक्शननं बरा होतो! गुदद्वाराजवळ मस आले की लोक मूळव्याध समजून भलतीच औषधं घेतात. काही पुरुषांना लिंगाच्या टोकाभोवती बारीक दाण्यांची ओळ असते, तो तर आजारच नाही. हे फोनवर फोटो बघून ठरत नाही. व्हीडीआरएल आणि एचआयव्हीची तपासणी सोबत करून घ्या.

जायचं कुठं? गोकुंद्याच्या उपजिल्हा रुग्णालयापासून सुरुवात करा. तिथं ओळखीचं कुणी भेटेल वाटत असेल तर रेल्वेनं नांदेड गाठा, विष्णुपुरीच्या शासकीय मेडिकल कॉलेजात त्वचारोग विभाग आहे. आदिलाबाद तर त्याहून जवळ. केसपेपरवर 'त्वचारोग' एवढंच सांगितलं तरी चालतं. बोलायचीच लाज वाटत असेल तर १०९७ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे.

लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ च्या जानेवारीत आली. ६, ११, १६, १८ या चारही प्रकारांवर चालते, ९ ते २६ वयाच्या मुली आणि मुलं दोघांसाठी. आलेला मस ती घालवत नाही, पुढचं टाळते.

आता लग्नाचं. भावा, विषाणू शिरल्यावर मस दिसायला कधी आठवडे, कधी महिने, कधी त्याहूनही जास्त काळ जातो. त्यामुळं कुणाकडून आला हे शोधत बसण्यात अर्थ नाही. कंडोमनं धोका कमी होतो, पण झाकली न गेलेली कातडी लागतेच. तीन महिने हातात आहेत, या आठवड्यातच दाखव. आणि होणाऱ्या बायकोला तू स्वतः सांग. लसीचं तिलाही आधीच विचारता येईल.