सोडायला कोण जाणार?

आम्ही बचत गटाच्या बाया आज शेळीपालनावर किंवा पापड-लोणच्यावर बोलणार नाही. आज बोलायचंय अवकाश शिबिराबद्दल. हसू नका. आधी आमची चूक सांगतो, मग शिबिराची गोष्ट.

दोन वर्षांमागे आमच्या गटातल्या एका ताईंची लेक नववीत होती. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी तिला इस्रोच्या ‘युविका’ शिबिराचा अर्ज भरायला सांगितलं. मासिक सभेत विषय निघाला. “एवढ्या लांब पोरगी जाणार कशी? सोडायला कोण जाणार? भाडं कुठनं आणायचं? आणि रॉकेट बघून करायचंय काय?” हे प्रश्न कुणा बाप्यानं विचारले नाहीत बरं का. आम्हीच विचारले. अर्जाची तारीख निघून गेली. पोरगी एका शब्दानं बोलली नाही, पण पुढच्या सभांना चहाचा ट्रे ठेवायची आणि खाली मान घालून आत निघून जायची. ते आम्हाला लागलं. मग आम्ही बाईंनाच सभेला बोलावलं आणि म्हटलं, बाई, या शिबिरात असतं तरी काय, नीट सांगा.

बाईंनी सुरुवात केली अमेरिकेपासून. तिथे अलाबामा राज्यात हंट्सव्हिल नावाचं गाव आहे. चंद्रावर माणूस नेणारं प्रचंड रॉकेट तिथेच घडलं. ते बनवणारे शास्त्रज्ञ होते वेर्नर फॉन ब्राउन. मुलांसाठी खेळाची शिबिरं होतात, बँडची होतात, मग विज्ञानाचं का नको, असं त्यांनी बोलून दाखवलं होतं. ते गेल्यावर 1982 साली तिथे ‘स्पेस कॅम्प’ सुरू झाला. आजवर लाखो मुलं तिथे राहून आली.

मुलं राहतात एकावर एक असलेल्या पलंगांवर, जेवतात एकत्र. दिवसा अंतराळवीरांसारखा सराव असतो. एकात एक अशी लोखंडी कडी आणि मधे खुर्ची. कडी वेगवेगळ्या दिशांना गरगर फिरतात. बघणाऱ्यालाच भोवळ यावी! पण बसणाऱ्याचं पोट मधोमध राहतं, म्हणून सहसा मळमळत नाही. दुसरी खुर्ची चंद्रावरच्या चालीची. चंद्रावर वजन सहावा हिस्सा भरतं, म्हणजे आपलं साठ किलो तिथे दहा किलो. त्या खुर्चीत पाऊल टाकलं की मूल टुणकन उडतं. छोटी रॉकेटं मुलं स्वतः चिकटवून तयार करतात आणि मैदानात उडवतात.

पण आम्हाला सगळ्यात आवडली ती खोटी मोहीम. मुलांची एक तुकडी यानात बसते, दुसरी जमिनीवरच्या नियंत्रण कक्षात. प्रत्येकाला ठरलेलं काम असतं. मधेच शिकवणारे दादा-ताई मुद्दाम बिघाड काढतात. कधी धोक्याची घंटा वाजते, कधी एखादं यंत्र बंद पडतं. मोठी माणसं उत्तर सांगत नाहीत. मुलांनीच पुस्तिका बघायची, एकमेकांना विचारायचं आणि मार्ग काढायचा. हे ऐकताना आम्हाला आमचं पहिलं वर्ष आठवलं. रोकडवहीचा हिशेब जुळेना, तेव्हा कुणी जुळवून दिला नाही. रात्री कंदील लावून आम्हीच चूक शोधली, आणि त्या रात्रीनंतर वहीची भीती गेली ती कायमची.

या शिबिरात दरवर्षी एक आठवडा दृष्टिहीन मुलांसाठीही असतो. ब्रेल लिपी आणि मोठ्या अक्षरांच्या मदतीनं तीही यान चालवण्याचा सराव करतात. शिक्षकांचं शिबिर वेगळं. बाई-मास्तर निळा पोशाख चढवतात आणि त्याच खुर्च्यांत गरगर फिरतात, तीच मोहीम खेळतात. मग वर्गात शिकवायचे नवे प्रयोग घेऊन परत जातात. शिकवणाऱ्याला पुन्हा विद्यार्थी व्हायला मिळतं.

अमेरिकेतली डॉटी मेटकाफ-लिंडनबर्गर चौदा वर्षांची असताना या शिबिराला गेली होती. मोठी होऊन ती विज्ञानाची शिक्षिका झाली. एकदा वर्गात कुणीतरी विचारलं, “मॅडम, अंतराळात शौचाला कसं जातात?” तिनं प्रश्न हसण्यावारी नेला नाही. उत्तर शोधायला गेली, तर नासाला शिक्षक-अंतराळवीर हवेत अशी जाहिरात दिसली. तिनं अर्ज भरला, निवड झाली आणि 2010 च्या एप्रिलमध्ये ती अवकाशात गेली. तेव्हा वर एकाच वेळी चार बायका होत्या. इतिहासात पहिल्यांदाच.

म्हणजे शिबिराला गेलेली प्रत्येक पोर अंतराळात जाईल असं नाही. बहुतेक जणी जाणार नाहीत. पण “हे काम तुझं, तूच सोडव” असं कुणीतरी एकदा म्हटलेलं पोर घरी येतं ते बदलूनच.

आता आपल्याकडचं सांगतो. इस्रोनं 2019 साली ‘युविका’ सुरू केलं. नववीत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत साधारण दोन आठवड्यांचं निवासी शिबिर असतं. शास्त्रज्ञांची भेट, प्रयोगशाळा, रॉकेटच्या प्रतिकृती, रात्रीचं आकाशदर्शन, सगळं असतं. निवडीत आठवीचे गुण बघतात, ऑनलाइन प्रश्नमंजूषा असते, विज्ञान प्रदर्शन, खेळ, स्काउट-गाइड यांचेही गुण धरतात. आणि नीट ऐका, ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेच्या मुलांना जादा गुण असतात!

राहणं, जेवण इस्रोकडे. मुलीचं रेल्वेभाडं मिळतं, आणि तिला सोडायला-आणायला जाणाऱ्या एका पालकाचंही. बाईंनी हे वाचून दाखवलं तेव्हा आमची सभा चिडीचूप झाली. ज्या प्रश्नावर आम्ही त्या पोरीला अडवलं, त्याचं उत्तर जाहिरातीतच लिहिलेलं होतं. आम्ही वाचलंच नव्हतं.

भाडं आधी खिशातून घालावं लागतं, तिकिटं दाखवली की परत मिळतं. म्हणून आम्ही ठराव केला आहे: गावातल्या कुणाही मुलीची निवड झाली तर प्रवासाची रक्कम गट बिनव्याजी देईल, पैसे आले की परत घेईल. जानेवारी लागला की बाई इस्रोच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवतात. अर्ज साधारण उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतात.

त्या ताईंच्या लेकीची नववी निघून गेली, ती संधी आम्ही परत देऊ शकत नाही. तिला आम्ही तसं सभेत बोलावून सांगितलं. ती म्हणाली, “मावशी, यंदा नववीच्या पोरींचे अर्ज मी भरून देते.” आता सभेत चहा दुसरं कुणी ठेवतं. ती मोबाइल घेऊन आमच्यात बसते.

तुमच्याही गटात नववीतली लेक असेल. तिला “कशाला जातेस” विचारायच्या आधी, एकदा जाहिरात वाचा.