मुलाखतीतील अपयश आणि त्यापासून घ्यावयाचा बोध

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या समारंभात आपल्या ज्ञातीतील गुणवंत विद्यार्थ्यांचा आणि नव्याने नोकरीस लागलेल्या तरुणांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार झाला. तो योग्यच झाला, आणि आम्हीही त्या सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु ही नावे पुकारली जात असता सभागृहाच्या मागील रांगांत असेही काही तरुण बसले असतील, की ज्यांनी याच वर्षी मुलाखत दिली, आशेने निकालाची वाट पाहिली, आणि ज्यांचे नाव यादीत आले नाही. कित्येक तर याच कारणास्तव आज येथे आलेच नसतील. चार शब्द बोलावे अशी आज्ञा मंडळाने केली, तेव्हा आम्ही ठरविले की बोलावयाचे ते या मंडळींसाठी.

लेखी परीक्षेत अनुत्तीर्ण होण्याचे दुःख निराळे आणि मुलाखतीत डावलले जाण्याचे दुःख निराळे. लेखी परीक्षेत नापास होतो तो एक क्रमांक. मुलाखतीत मात्र चार जाणत्या माणसांनी आपणांस समोर बसवून पाहिलेले असते, आपले बोलणे ऐकलेले असते. म्हणून नकार आला की तरुणास वाटते, या लोकांनी आपले उत्तर नव्हे, आपणांसच नाकारले. या एका समजुतीने जेवढी मने खचतात, तेवढी प्रत्यक्ष नकाराने खचत नसतील. यास्तव ही समजूत कितपत खरी आहे, ते प्रथम पाहू.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचे उदाहरण घ्या. तेथे मुख्य लेखी परीक्षेचे गुण १,७५० आणि मुलाखतीचे २७५, असे एकूण २,०२५ गुण असतात. म्हणजे वर्षानुवर्षांच्या अभ्यासाचा अखेरचा सुमारे सातवा हिस्सा अर्ध्यापाऊण तासाच्या संभाषणावर अवलंबून असतो. आणि अंतिम यादीत नाव न आल्यास पुढील वर्षी पूर्वपरीक्षेपासून पुन्हा आरंभ करावा लागतो. हा आघात लहान आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु अर्ध्यापाऊण तासात माणसाचे समग्र मोल ठरते, असेही कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. खुद्द सरकारनेही मुलाखतीची मर्यादा ओळखली आहे. १५ ऑगस्ट २०१५ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी तो विषय काढला, आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या खालच्या श्रेणीतील पदांसाठी मुलाखती बंद करण्यात आल्या. मुलाखत हे माणूस जोखण्याचे एक साधन आहे. ते अचूक तराजू नव्हे.

या संदर्भात दोन थोर पुरुषांच्या आयुष्यातील प्रसंग सांगण्यासारखे आहेत. ते दोन्ही त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रांत नमूद केले आहेत.

पहिला महात्मा गांधींचा. १८९१ साली बॅरिस्टर होऊन ते विलायतेहून परतले. परंतु मुंबईत वकिली चालेना. तेव्हा एका नामांकित शाळेस इंग्रजीचा शिक्षक पाहिजे, रोज एक तास काम आणि पगार पंचाहत्तर रुपये, अशी जाहिरात पाहून त्यांनी अर्ज केला. भेटीस बोलावणे आले. ते मोठ्या उमेदीने गेले. पण मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा ते पदवीधर नाहीत असे आढळले. लंडनची मॅट्रिक लॅटिन घेऊन उत्तीर्ण झालो आहे, असे त्यांनी सांगून पाहिले. तथापि शाळेस पदवीधरच हवा होता. गांधीजी निराश झाले, बंधूंनाही चिंता लागली. मग दोघांनी विचार करून मुंबईचे बिऱ्हाड मोडले. राजकोटास अर्ज आणि निवेदने लिहून देण्याचे काम गांधीजींनी पत्करले, आणि त्यात महिना सुमारे तीनशे रुपये मिळू लागले. येथे नकार मिळाला तो माणसास नव्हे. नियमात एक अट होती आणि ती पुरी होत नव्हती, एवढेच.

दुसरा प्रसंग डॉक्टर अब्दुल कलाम यांचा. मद्रासच्या तंत्रशिक्षणसंस्थेतून ते विमानविद्येचे शिक्षण घेऊन बाहेर पडले. वैमानिक व्हावे हे त्यांचे स्वप्न होते. डेहराडूनला वायुदलाच्या निवडीसाठी पंचवीस उमेदवार होते, जागा आठ होत्या, आणि कलामांचा क्रमांक आला नववा. खिन्न मनाने ते ऋषिकेशला गेले. तेथे स्वामी शिवानंदांनी त्यांचे सांत्वन केले. पुढे ते दिल्लीस आले. दुसरी एक मुलाखत त्यांनी आधीच दिली होती. तिचे नियुक्तिपत्र तेथे तयार होते. १९५८ साली संरक्षण खात्याच्या विमानविषयक संचालनालयात अडीचशे रुपये मूळ वेतनावर ते रुजू झाले. पुढचा इतिहास सर्वांस विदित आहे.

पण मित्रांनो, या कथेचे तात्पर्य, नापास झालेला प्रत्येक मनुष्य राष्ट्रपती होतो, असे नव्हे. तसे सांगणे ही फसवणूक होईल. आम्ही दोन गोष्टींकडे लक्ष वेधू इच्छितो. पंचवीस उमेदवार आणि आठ जागा असल्या म्हणजे सतरा जणांस परत जावेच लागते. ते सतराही नालायक असतात असे नाही. आणि दुसरी गोष्ट, कलामांनी दोन दारे ठोठावली होती. एकाच दारापुढे तारुण्याची सारी वर्षे उभे राहू नये. वय कोणासाठी थांबत नाही.

आता बोध कसा घ्यावा ते सांगतो. आमचे सारे आयुष्य मुलांच्या उत्तरपत्रिका तपासण्यात गेले. शाळेत तपासलेली उत्तरपत्रिका विद्यार्थ्यास परत मिळते. कोठे चुकले ते तांबड्या शाईने दाखविलेले असते. मुलाखतीची उत्तरपत्रिका मात्र कोणी परत देत नाही. गुण कळले तरी चूक कळत नाही. म्हणून ती उत्तरपत्रिका आपण स्वतः लिहून स्वतःच तपासली पाहिजे.

मुलाखतीहून परत आल्यावर त्याच रात्री वही घ्यावी आणि तीन रकाने पाडावे. पहिल्यात विचारलेले प्रश्न लिहावे, दुसऱ्यात आपण दिलेली उत्तरे जशीच्या तशी लिहावी, तिसरा रकाना कोरा ठेवावा. दोन दिवसांनी, मन शांत झाल्यावर, त्यात जे उत्तर द्यावयास हवे होते ते लिहावे. मग प्रत्येक प्रश्नापुढे खूण करावी: येथे माहिती कमी पडली, येथे माहिती होती पण मांडता आली नाही, आणि येथे आपल्या हाती काहीच नव्हते. पहिल्यास उपाय वाचन, दुसऱ्यास उपाय सराव. तिसऱ्याचा शोक करू नये.

आमच्या परिचयातील एका तरुणास बँकेच्या मुलाखतीत विचारले, “वडिलांचे किराणा दुकान आहे, उधारी कशी वसूल करता?” त्यास तो उपहास वाटला. “मी दुकानात बसत नाही,” असे त्याने तुटक उत्तर दिले. निवड झाली नाही. वही लिहिताना त्याच्या ध्यानात आले की तो उपहास नव्हता. कर्जवसुलीचाच तो प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर घरातच होते. पुढील सहा महिने तो संध्याकाळी दुकानात बसला. पुढे एका पतसंस्थेत तसाच प्रश्न आला, तेव्हा उधारीची वही, गिऱ्हाइकाची नड आणि तगाद्याची रीत त्याने अशी सांगितली की ती जागा त्यासच मिळाली. आपल्या घरच्या धंद्याची लाज वाटू देऊ नका. कित्येक उत्तरे तेथेच असतात. जे ठाऊक नाही ते “ठाऊक नाही” असे सरळ सांगावे. अर्जात वाचनाचा छंद लिहिला असेल, तर शेवटी वाचलेल्या पुस्तकाविषयी पाच वाक्ये बोलता आली पाहिजेत.

आता एका अप्रिय विषयाकडे वळतो. कोणी अपयशी झाला की आपल्यांत चटकन म्हटले जाते, “वशिला नव्हता, म्हणून राहिले.” वशिला जगात नाही असे आम्ही म्हणत नाही. पण प्रत्येक अपयशाचे खापर वशिल्यावर फोडले की तिसरा रकाना कायमचा कोरा राहतो. दोष सर्वस्वी दुसऱ्याचा ठरला म्हणजे स्वतः सुधारण्याचे कारणच उरत नाही.

शेवटी वडीलधाऱ्या मंडळींस हात जोडून विनंती. लग्नकार्यात, मुंजीत, सत्यनारायणाच्या पूजेस भेटलेल्या मुलास चारचौघांत “काय, झाले का काम?” असे विचारू नका. त्या एका प्रश्नाच्या भयाने आपली मुले नातलगांत येईनाशी झाली आहेत. आणि ज्या काळी त्यांस आपल्या माणसांची गरज अधिक, त्याच काळी ती एकटी पडतात. विचारावयाचेच असेल तर एकांतात विचारा, आणि “आम्ही काय करू शकतो?” असे विचारा. मातापित्यांनी शेजारच्या मुलाचे उदाहरण देऊ नये. मुलगा जेवत नसेल, झोपत नसेल, बोलत नसेल, तर त्यास उपदेश न करता वैद्यकीय सल्ला द्यावा. त्यात कमीपणा नाही.

आणि संस्थेस एक सूचना. आपल्या ज्ञातीत निवृत्त अधिकारी, बँकेतील मंडळी, प्राध्यापक आणि वकील आहेत. त्यांतील चौघांनी महिन्यातून एक रविवार सकाळी संस्थेच्या कार्यालयात बसावे, तरुणांची सरावाची मुलाखत घ्यावी, आणि त्याची उत्तरपत्रिका तांबड्या शाईने तपासून त्याच्या हाती द्यावी. त्यास खर्च चहाचा. ज्यांचे यंदा जमले नाही त्यांनाच प्रथम निमंत्रण जावे. शाल आणि श्रीफळ यशस्वी तरुणांस अवश्य द्यावे. पण ज्ञाती ही केवळ यशस्वी लोकांची नव्हे. पडलेल्यास हात देणे हेच तिचे मूळ प्रयोजन आहे.

मागील रांगेतील मित्रांनो, पुढील वर्षी तुमचे नाव येथे पुकारले जावे अशी आमची इच्छा आहे. परंतु ते न पुकारले गेले तरीही तुम्ही यावे, आणि पुढच्या रांगेत बसावे, ही आमची त्याहून मोठी इच्छा आहे.