वाण्याचे दोन नवे शेजारी

पुणें शहराच्या नैर्ऋत्येस, मुठेच्या कांठीं आणि मुंबई-बंगळूर महामार्गाच्या दोन्ही अंगांस पसरलेलें वारजें हें एका पिढीपूर्वींपर्यंत शेतकऱ्यांचें गांव होतें. आज माळवाडी, रामनगर, गणपतिमाथा, पॉप्युलर नगर हीं नांवें घेतलीं म्हणजे डोळ्यांपुढें उभ्या राहतात त्या बहुमजली इमारती, आणि त्यांच्या तळमजल्यावरील दुकानांच्या रांगा. ज्या जमिनींत पूर्वीं धान्य पिकत असे, तिच्यावर आतां तें विकलें जातें. आणि तें कोठें पिकलें व कसें पिकलें, हा प्रश्न तेथल्या घरांतून नव्यानेंच विचारला जाऊं लागला आहे.

ह्या रांगांतून हिंडतांना वाण्याच्या जुन्या दुकानाचे दोन नवे शेजारी दिसतात. एक खास जिन्नसांचें दुकान: कोंकणचें कोकम, वेंगुर्ल्याचा काजू, विदर्भाची हळद, मावळ-मुळशीचा तांदूळ. दुसरें नैसर्गिक अन्नाचें: सेंद्रिय डाळी, रसायनमुक्त गूळ, लाकडी घाण्याचें तेल. दोहोंच्या पाट्या सारख्याच गोड, बरण्या सारख्याच देखण्या आणि दर वाण्यापेक्षां सारखेच चढे. म्हणून गिऱ्हाईक त्यांना एकाच माळेचे मणी समजतें. परंतु हीं दोन दुकानें दोन निरनिराळीं वचनें विकतात. पहिलें सांगतें, माल अमक्या गांवचा आहे. दुसरें सांगतें, माल अमक्या रीतीनें पिकलेला आहे. हीं दोन वचनें एकमेकांत मिसळलीं म्हणजे घराचे पैसे वायां जातात हें तर खरेंच; पण मुळशीकडील एखाद्या शेतकऱ्याचें पीकहि त्यापायीं जातें.

आधीं वाण्याविषयीं थोडें. नव्या दुकानांची स्तुति करतांना त्याला उगाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करण्याची चाल पडली आहे. ती अन्यायाची आहे. त्याचा मालहि कायद्याच्या कक्षेंतलाच असतो. भेसळीविरुद्ध १९५४ सालीं झालेला कायदा जाऊन त्याच्या जागीं २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला, आणि धान्यांत कीटकनाशकाचा अंश किती चालावा याच्या मर्यादा सर्वच दुकानांना लागू आहेत. वाणी जें वचन विकतो तें तिसरेंच आहे: खराब निघालें तर परत आणा. त्याची सारी प्रतिष्ठा ओळखीवर आणि महिन्याच्या खात्यावर उभी असते. मालाचें मूळ मात्र तो बाजारी नांवानेंच सांगतो, आणि बाजारी नांवें मोठीं फसवीं असतात. 'लोकवन' गहू मागतांना कित्येकांच्या डोळ्यांपुढें एखादें वन उभें राहत असेल. वस्तुतः सौराष्ट्रांतील सणोसरा येथील लोकभारती संस्थेनें काढलेल्या 'लोक-१' ह्या जातीचें, तिच्या इंग्रजी आंकड्यासह, तें मराठी तोंडीं रुळलेलें रूप आहे.

खास जिन्नसांच्या दुकानाचें वचन तपासण्यास आतां कायद्याचा आधार आहे. स्थळाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मालासाठीं भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ सालीं झाला व २००३ पासून तो अमलांत आला. कोल्हापूरच्या गुळाची नोंद २०१४ सालची. वायगांवची हळद, भिवापूरची मिरची, मंगळवेढ्याची ज्वारी, सांगलीचे बेदाणे ह्यांच्या नोंदी २०१६ च्या. ह्या नोंदीचा अर्थ एवढाच कीं, तें नांव त्या प्रदेशांतील मालासच लावावें. वायगांवची हळद रासायनिक खत घालून पिकविली तरी ती वायगांवचीच राहते. स्थळाचें वचन पाळलें गेलें. रीतीचें वचन कोणी दिलेंच नव्हतें.

रीतीच्या वचनाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे, आणि तो बराचसा होळकरांच्या इंदुरांत घडला आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ पर्यंत तेथील वनस्पति-संशोधन संस्थेंत काम करीत होते. शेतांतला पालापाचोळा, शेण आणि माती ह्यांचे थर रचून खत कुजविण्याची जी पद्धत त्यांनीं तेथें सिद्ध केली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली गेली. १९४० सालीं निघालेल्या त्यांच्या ग्रंथानें विलायतेंतील सेंद्रिय शेतीच्या चळवळीस पाया घालून दिला. म्हणजे माळव्याच्या उकिरड्यावरील विद्या समुद्रापार गेली, आणि चकचकीत पाकिटांत बसून, भाव वाढवून, परत आली.

ह्या पाकिटावर जे शब्द छापलेले असतात, त्यांचें वजन मात्र सारखें नसतें. 'सेंद्रिय' हा शब्द आतां कायद्यानें बांधलेला आहे. २००१ पासून चालूं असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत तिऱ्हाईत संस्थेकडून शेताची तपासणी होते. दुसऱ्या एका व्यवस्थेंत निदान पांच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांवर लक्ष ठेवतो. रासायनिक शेती सोडल्यावर हंगामी पिकांसाठीं बहुधा दोन वर्षें संक्रमणाचीं म्हणून धरलीं जातात. तीं वर्षें शेतकऱ्यास सर्वांत जड जातात, कारण उत्पन्न घटलेलें असतें आणि सेंद्रिय म्हणून चढा भाव मागण्याचा अधिकार अजून आलेला नसतो. दुकानांतील चढ्या दराचा कांहीं भाग ह्या दोन वर्षांचा आहे, आणि तो देण्यास कोणी कुरकुर करूं नये. २०१७ च्या नियमांप्रमाणें दुकानांतून विकल्या जाणाऱ्या सेंद्रिय मालावर प्रमाणपत्राची खूण असावी लागते, व तिच्या जोडीला 'जैविक भारत' हें चिन्ह येतें.

'नैसर्गिक' हा शब्द ह्याहून फार सैल आहे. २०१८ च्या जाहिरातविषयक नियमांत त्याचा जो अर्थ सांगितला आहे, तो साधारणपणें असा कीं, पदार्थ एकच असावा, त्यांत बाहेरचें कांहीं घातलेलें नसावें, आणि खाण्यायोग्य करण्यापुरतीच प्रक्रिया त्याच्यावर झालेली असावी. शेतांत त्या पिकावर काय फवारलें, याविषयीं हा शब्द मौन पाळतो. उलट शेतकरी जेव्हां 'नैसर्गिक शेती' म्हणतो, तेव्हां त्याच्या मनांत विदर्भातील सुभाष पाळेकरांनीं प्रसृत केलेली, देशी गाईच्या शेण-गोमूत्राच्या जीवामृतावर चालणारी पद्धत असते. पाळेकरांस २०१६ सालीं पद्मश्री मिळाली, आणि नैसर्गिक शेतीसाठीं केंद्र सरकारनें २०२४ सालीं स्वतंत्र राष्ट्रीय अभियानास मंजुरी दिली. कायद्याचा शब्द, शेतकऱ्याचा शब्द आणि दुकानाच्या पाटीवरचा शब्द हे तिन्ही एकच; अर्थ मात्र तीन. गिऱ्हाईक पाटी वाचतें आणि तिन्ही अर्थांचे पैसे मोजतें.

गुळाचें उदाहरण घ्यावें. गुऱ्हाळांत रसावरची मळी काढण्यासाठीं पूर्वीं रानभेंडीचा चिकट रस घालीत. पुढें गुळाला सोनेरी रंग यावा म्हणून गंधकयुक्त रसायनें घालण्याची रीत पडली. ह्यावरून गिऱ्हाइकानें सोपा नियम काढला कीं, काळा गूळ तो शुद्ध. दुकानदारांनींहि तो नियम आनंदानें मान्य केला. परंतु कढईंत पाक जास्त तापला तरी गूळ काळा पडतो, आणि ऊंस खारवट जमिनींतला असला तरीहि पडतो. शिवाय रस निर्मळ राखला म्हणजे ऊंस सेंद्रिय झाला असें नव्हे. तेलाचेंहि तसेंच. लाकडी घाण्यांत दाणा फारसा तापत नाहीं, तेलाला शेंगदाण्याचा किंवा करडईचा मूळ वास राहतो, पेंडींत तेल अधिक शिल्लक राहतें म्हणून तें महागहि पडतें. हे सारे गुण खरे आहेत, आणि चवीसाठीं ते पैसे मोजणें योग्यच आहे. पण घाणा लाकडाचा आहे यावरून शेंग कोणत्या शेतांतली, हें कळत नाहीं. पॉलिश न केलेल्या डाळीस सेंद्रिय समजणें हीहि त्याच जातीची चूक. आणि सेंद्रिय साखरेचीं बिस्किटें? ती साखर शेवटीं साखरच.

ह्या दुकानांत धान्य बरण्यांतून व पिंपांतून सुटें विकलें जातें, हें अनेकांस आवडतें. प्लॅस्टिक कमी लागतें, आणि हवें तेवढेंच घेतां येतें. अडचण इतकीच कीं, प्रमाणपत्र पोत्याबरोबर येतें आणि पोतें माजघरांत राहतें. धान्य पिंपांत ओतलें कीं त्याच्या वंशावळीचा धागा तुटतो. म्हणून सुटा माल घेणाऱ्यानें पोत्यावरची चिठ्ठी पाहूं द्या, असें निःसंकोच म्हणावें. चांगला दुकानदार ती उत्साहानें दाखवितो. किंबहुना कोणीतरी विचारावें म्हणून तो वाट पाहत असतो. किड्यांची गोष्ट निराळी. सेंद्रिय धान्याच्या कोठारांत विषारी धुरी चालत नाहीं, त्यामुळें कीड लौकर लागते. ह्यावरून कांहीं भाविक मंडळी सोंडकिड्यालाच प्रमाणपत्र मानूं लागलीं आहेत. बहुतेक वेळां त्याचा अर्थ इतकाच असतो कीं, दुकानांत गर्दी कमी आहे आणि माल पडून राहिला आहे.

आतां त्या मुळशीच्या तांदळाकडे वळावयाचें. वारज्याहून महामार्गानें उत्तरेस चांदणी चौक, आणि तेथून पौडच्या रस्त्यानें पश्चिमेस गेलें म्हणजे आंबेमोहोराचा प्रदेश लागतो. ठेंगणा, शुभ्र, शिजल्यावर मऊ व किंचित् चिकट होणारा हा तांदूळ. आंब्याच्या मोहोरासारखा त्याचा वास. आजाऱ्याच्या पेजेला, लहान मुलाच्या मऊ भाताला, मेतकूट-तुपाबरोबर पुण्याच्या घरांतून पिढ्यानपिढ्या तो वापरला गेला. त्याच्या नांवाला भौगोलिक निर्देशनहि लाभलेलें आहे. परंतु त्याचें पीक उंच वाढून वाऱ्या-पावसांत लोळतें, एकरीं उतारा कमी येतो, आणि गिरणींत दाणा सहज तुटतो. वडगांव मावळच्या संशोधन केंद्रानें आंबेमोहोराचा 'आय. आर. ८' ह्या जातीशीं संकर करून काढलेला इंद्रायणी तांदूळ १९८७ सालीं शेतकऱ्यांच्या हातीं आला, तेव्हां त्यांनीं तो भराभर उचलला यांत नवल नाहीं. इंद्रायणी हा चांगला तांदूळ आहे. त्याला वासहि आहे, उताराहि आहे. वाईट घडलें तें पुढें. आंबेमोहोराचें शेत आटत गेलें, पण त्याचें नांव मात्र बाजारांत वाढतच राहिलें. बाहेरच्या प्रांतांतून येणारे तशाच दाण्याचे सुवासिक तांदूळ त्याच नांवानें विकले जाऊं लागले. नांवाची किंमत मुळशीनें कमावली होती. ती दुसऱ्याच्या पदरीं पडूं लागली, आणि मुळशीच्या शेतकऱ्यास आंबेमोहोर लावण्याचें उरलेंसुरलें कारणहि गेलें.

अशा वेळीं दोन्ही दुकानांची खरी कसोटी लागते. नैसर्गिक दुकानांतील 'सेंद्रिय आंबेमोहोर' प्रमाणपत्रानें पुरेपूर सेंद्रिय असूं शकेल, आणि तरीहि मुळशीचा नसेल. खास दुकानांतला अस्सल मुळशीचा असेल, पण युरियावर वाढलेला असेल. दोन्ही दुकानदार आपापल्या वचनाला जागले, आणि गिऱ्हाइकाची समजूत मात्र चुकली, असें सहज होतें. ज्या घरीं दहा महिन्यांच्या मुलाला पेज भरवावयाची आहे, तेथें रीतीला महत्त्व अधिक. त्यांनीं चिन्ह पाहून, नांवाचा हट्ट सोडून, साधा सेंद्रिय तांदूळ घ्यावा. जेथें आजीच्या भाताचा वास पुन्हां घरांत यावा एवढीच इच्छा आहे, त्यांनीं गांवाचें नांव विचारावें. नुसतें 'मुळशी' नव्हे, तर मुळशींतलें कोणतें गांव, आणि कापणी कोणत्या सालची, हेंहि. सुवासिक तांदूळ जसजसा जुना होतो, तसतसा त्याचा वास उडतो. हात आंखडता असलेल्या कुटुंबानें चढा दर द्यावयाचा तो रोजच्या धान्य-डाळीवर द्यावा. नैसर्गिक चिवडा आणि मधाच्या वड्या खुशाल वाण्याच्या शेजाऱ्याकडेच राहूं द्याव्यात.

गांव आणि रीत हीं दोन्ही वचनें एकाच पोत्यांत हवीं असतील, तर दुकानाच्या पलीकडे जावें लागतें. वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आंत असलेल्या लहान शेतकऱ्यानें आपला माल थेट खाणाऱ्यास विकला, तर त्याला सेंद्रिय प्रमाणपत्राची सक्ति नाहीं. मात्र तें चिन्हहि त्याला लावतां येत नाहीं. तेथें कागदाच्या जागीं डोळे लागतात. वारज्याच्या एखाद्या इमारतींतील दहा-बारा कुटुंबांनीं एकत्र येऊन असा एक शेतकरी गांठणें अवघड नाहीं. एकत्र खरेदीची ही कल्पना महाराष्ट्राला नवीहि नाहीं, मुंबईची ग्राहक पंचायत १९७५ पासून ती चालवीत आली आहे. दिवाळीनंतर भाताची कापणी आणि झोडपणी होते. त्या दिवसांत पौडच्या वाटेवर जाऊन खळें पाहावें, नव्या तांदळाचा वास घ्यावा, आणि घेतल्या तांदळाचे पैसे चुकते करतांना पुढल्या सालची मागणीहि सांगून ठेवावी. ज्येष्ठांत, मृगाच्या पावसावर रोप टाकतांना, इंद्रायणीच्या वाफ्याशेजारीं आंबेमोहोराचा एखादा वाफा ठेवावा कीं नाहीं, हें शेतकरी त्या मागणीकडे पाहूनच ठरवितो.