धुराला जात असते

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'पर्यावरण आणि तरुणांचं नेतृत्व'. मी मॅट्रिक. दिवसा गोदीत गोणी उचलतो, रात्री कविता खरडतो. पर्यावरण हा शब्द मला पुस्तकात भेटला नाही. तो माझ्या छातीत शिरला, खोकला होऊन.

२०१६ चा जानेवारी. मी दहावीला. महिनाअखेरीला देवनारचं डम्पिंग पेटलं. तो धूर उपग्रहातून दिसला, फोटो निघाले. त्या फोटोत आमची झोपडी दिसत नव्हती. आसपासच्या शाळा बंद ठेवल्या. मी तोंडाला ओला टॉवेल बांधून भूमितीची प्रमेयं घोकत होतो आणि आई त्याच डोंगराकडं भंगार वेचायला निघाली होती. नको जाऊ म्हटलं, तर म्हणाली, "धुरानं मरायला वर्षं लागतात रे. भुकेला एवढी लागत नाहीत." मार्चात डम्पिंग परत पेटलं. तेव्हा माझे पेपर चालू होते.

कचरा पेटतो कसा? ओला कचरा ढिगाखाली दबतो. हवा मिळत नाही. सडून मिथेन होतो. ठिणगी पडली की भडका. आणि न पेटता तसाच वर गेला, तर वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे या शहराच्या ताटातलं खरकटं आधी आमच्या नाकात आणि मग साऱ्या दुनियेच्या आभाळात. हवामानबदल म्हणतात तो आमच्या दारातनं जातो.

हे डम्पिंग सुरू झालं १९२७ साली. साल ओळखीचं वाटतं ना? त्याच साली २० मार्चला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तिकडं आपला बाप पाण्यावरचा हक्क सांगत होता. इकडं शहर आपली घाण टाकायला जागा करत होतं. पाणी कुणाचं, हवा कुणाची, सावली कुणाची, हा सवाल महाडनंच विचारला. पर्यावरणाच्या व्यासपीठांवर मात्र महाडचं नाव मी कधी ऐकलं नाही.

ऑक्टोबर २०१९. आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी रात्री झाडांवर करवती चालल्या. पोरं आडवी गेली, २९ जणांना कोठडीत घातलं. कायदा शिकणाऱ्या पोरांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि ७ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टानं तोड थांबवली. तोवर २,१४१ झाडं पडली होती. त्या पोरांना माझा सलाम. पाड्यातल्या आदिवासींना त्याहून मोठा, कारण ते आधीपासून लढत होते. पण देवनारच्या धुरासाठी एवढी पोरं रस्त्यावर आलेली मी पाहिली नाहीत. आणि आपण? आपण तरी कुठं आलो? जयंतीला डीजे लावायला वर्गणी काढतो. डम्पिंगसाठी एक अर्जसुद्धा काढला नाही. मीही काढला नाही. मुकाट राहिलो.

आता गोदीचं सांगतो. मे महिन्यात धक्क्यावरच्या लोखंडी कॉईलला हात लावून बघा. फाटक्या हातमोज्यातनं चटका बसतो. ऊन माणूस मारतं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर भर दुपारी बसलेल्या गर्दीतली १४ माणसं गेली. गेल्या उन्हाळ्यात आमच्या टोळीतला एक गडी दुपारी कोसळला. मुकादमानं त्याच्या तोंडावर पाणी मारलं आणि अर्ध्या पाळीची मजुरी कापली. मी त्या रात्री कविता लिहिली. टाळ्या मिळाल्या. त्याची मजुरी नाही मिळाली.

तिसऱ्या दिवशी मात्र सगळी टोळी बाराच्या ठोक्याला शेडच्या सावलीत जाऊन बसली. दम दिला, शिव्या दिल्या. कुणी उठेना. संध्याकाळी पाण्याचा पिंप आला. मजुरी अजून यायचीय. पण पिंप आला ना! मला तरी नेतृत्व म्हणजे एवढंच कळतं. पहिल्यांदा कोण बसला ते कुणाला आठवत नाही, सगळे बसले ते आठवतं.

स्वीडनची एक पोरगी २०१८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, संसदेसमोर एकटी बसली. चांगलं केलं. पण तिच्या चित्राचा टी-शर्ट घालून आपली हवा साफ होणार नाही. एक वही घ्या. वस्तीत कोण खोकतं, कुणाच्या पत्र्याखाली किती तापतं, डम्पिंग कधी पेटलं, तारखेसकट लिहा. ती वही घेऊन वॉर्ड ऑफिसात जा, रिकाम्या हातानं परत येऊ नका. २०१६ च्या एप्रिलात घनकचऱ्याचे नियम निघाले. कचरा वेचणाऱ्यांना ओळखा, कामात सामावून घ्या, असं त्यात लिहिलं होतं. प्लास्टिक, काच, पत्रा वेचून माझी आई या शहराचा बोजा आयुष्यभर हलका करत आली. तिला कुणी पर्यावरणवादी म्हटलं नाही. तिच्याकडं ओळखपत्र अजून नाही.

माझ्या वहीचं पहिलं पान तिच्या नावाचं आहे. दुसरं पान कुणाचं, ते आज इथनं उठायच्या आधी सांगा.

जय भीम.